टिल्लीची मावशी

लॅबला सुट्टी होती, म्हणून त्या दिवशी टिल्लीची आई स्वतःच लेकीला आणायला खाली उतरली. बालवर्ग त्याच इमारतीच्या तळमजल्यावर भरायचा. एरवी टिल्लीला सोडायचं आणि आणायचं काम तिच्या आजोबांचं. बाकीची मुलं पांगली, तरी बालवर्गाच्या बाईंनी टिल्लीच्या आईला थांबवून घेतलं.

"काळजीचं काही कारण नाही," बाई म्हणाल्या. असं कुणी म्हटलं की टिल्लीची आई हमखास काळजीला लागायची. "पण तुम्हाला एक दाखवायचंय."

त्यांनी टिल्लीला समोर बसवलं, टोपलीतून चेंडू काढला आणि विचारलं, "सांग बरं, हा कुठला रंग?"

टिल्लीने चेंडूकडे पाहिलं नाही, बाईंकडेही नाही. ती जराशी गप्प बसली. मग टाळी वाजवून गोड, चढ्या आवाजात म्हणाली, "अग्गदी बरोबर! शाब्बास!"

"बरं, नाव काय तुझं?"

पुन्हा तेवढीच शांतता, पुन्हा टाळी. "अग्गदी बरोबर! शाब्बास!"

टिल्लीच्या आईला आधी हसू आलं, आणि ते अर्ध्यातच विरलं. पोरगी साडेतीन वर्षांची होती आणि तो आवाज तिचा नव्हता. कुणा मोठ्या बाईचा आवाज तिच्या तोंडून येत होता.

"काहीही विचारा, हेच," बाई म्हणाल्या. "रंग ओळखता येत नाहीत याचं मला काही नाही, येतील कधीतरी. पण प्रश्न आपल्याला विचारलाय, उत्तर आपण द्यायचंय, हेच तिच्या गावी नाही. हाक मारली तर वळत नाही. कान तपासून घ्या म्हणणार होते, पण मागे खाऊचा कागद वाजला की बरोबर वळते. एका खेळण्यापाशी टिकत नाही, आणि हातातलं काढून घेतलं तर चावते. टीव्ही वगैरे फार बघते का?"

"छे! टीव्ही आहे, पण लावत नाही कुणी. माझ्या वडिलांना तर त्याचा तिटकारा आहे. आम्हाला लहानपणी कधी लावू दिला नाही त्यांनी."

"मग हे शाब्बास कोण शिकवतं? मी विचारलं तर म्हणते, मावशी."

"मावशी?" टिल्लीची आई म्हणाली. "मला बहीणच नाही."

बाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. त्यात दोष नव्हता, तरी टिल्लीची आई जिना चढेपर्यंत ते पाहणं पाठीला चिकटून आलं.

ती कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून अनोळखी माणसांच्या तोंडाचे साचे लॅबमध्ये यायचे. प्लास्टरच्या त्या दातांवरून हा माणूस झोपेत दात खातो, ही बाई एकाच बाजूने चावते, असले तर्क करायची तिला खोड लागली होती, आणि ती खोड लॅबपुरती राहिली नव्हती. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणायची, "तुला कुणी फूल दिलं ना, तर आधी देठ कुणी तोडला ते विचारशील."

घरी येऊन तिने टिल्लीला मांडीवर घेतलं. "मावशी कोण गं?"

"मावशी," टिल्ली म्हणाली.

"घरी येते?"

"मावशी येते. गाणं म्हणते."

"कुठे बसते?"

टिल्लीने आतल्या खोलीकडे बोट केलं. मग, कुणी न विचारताच, म्हणाली, "मावशी आली की आजोबा दार लावतात."

टिल्लीच्या आईच्या मनात पाल चुकचुकली. चुकचुकली कसली, तिने तिथे घरच केलं.

तिचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. महिन्यातले बरेच दिवस तो रस्त्यावरच. म्हणून टिल्लीच्या जन्मानंतर तिने आपल्या वडिलांना राहायला बोलावून घेतलं होतं. तिची आई जाऊन बराच काळ लोटला होता आणि म्हातारा एकटाच राहायचा. ते बंदरावर क्रेन चालवायचे. उंच केबिनमध्ये बसून खाली खडूने काढलेल्या खुणेवर खोकं अलगद टेकवायचे. त्यांच्या नजरेवर तिथे पैजा लागायच्या, असं ते स्वतःच सांगायचे. असा सरळ माणूस या वयात आतल्या खोलीचं दार लावून घेतो?

त्या दिवसापासून ती डोळ्यांत तेल घालून पाहू लागली. आणि पाहायला लागल्यावर काय, दिसायला लागलं.

बाबा बोलताना तिच्या डोळ्यांत बघत नव्हते. तिच्या कानापाशी, खांद्यावरून, कुठेतरी भलतीकडेच बघून बोलत. चोरी लपवणारी माणसं असंच बघतात. त्यांच्या शर्टाची बटणं एक घर चुकलेली असायची. दाढीत गालावर एक पट्टा तसाच राहायचा. एका सकाळी ते वर्तमानपत्र उघडून बसले होते. तिने वाकून पाहिलं तर ते कालचं होतं.

"बाबा, हे कालचं आहे."

"असू दे की. काल नीट वाचलं नव्हतं," ते म्हणाले, आणि पेपर घडी करून बाजूला ठेवला.

लक्ष ठिकाणावर नसण्याची ही सगळी लक्षणं तिने लॅबमधल्या एका पोरीत पाहिली होती. त्या पोरीचं पुढे लग्नच झालं.

रात्री नवऱ्याचा फोन आला, तेव्हा ती दबक्या आवाजात म्हणाली, "बाबांकडे कुणीतरी येतं. दुपारचं. बाई आहे."

तो आधी गप्प राहिला. मग हसला. "जुळलं असेल म्हाताऱ्याचं कुणाशी. जुळू दे की. तुझं काय जातंय?"

"माझी पोरगी घरात असते!"

"अगं, तू उगाच काहीतरी…" एवढं बोलून त्याने विषय बदलला, टायरबद्दल बोलायला लागला. फोन ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं की तो आधी गप्प राहिला होता. का? हसण्याआधी त्याने कशाचा विचार केला?

मग ती समोरच्या दारी गेली. तिथली बाई घरीच इमारतीतल्यांचे कपडे इस्त्री करून द्यायची, त्यामुळे दिवसभर दार उघडं आणि कान मोकळे.

"आमच्याकडे दुपारी कुणी येतं का हो?"

इस्त्रीवालीने इस्त्री उभी केली. "येताना नाही पाहिलं कधी. पण आवाज येतो ना रोज. चांगली हसरी आहे बाई. गाते, टाळ्या वाजवते. मला वाटलं, तुम्हीच पोरीसाठी ठेवलीय." मग तिने आवाज खाली आणला. "आणि रागावू नका, पण तुमचे वडील बदललेत. परवा जिन्यात समोरासमोर आले, मी हसले, तर ओळख न देता सरळ निघून गेले. मी काय केलं त्यांचं?"

म्हणजे पाणी मुरत होतंच. आणि पोरगी दिवसेंदिवस हातातून निसटत होती. ती मांडीवर बसायची नाही. जेवताना घास तोंडात धरून समोरच्या रिकाम्या भिंतीकडे बघत राहायची, आणि भिंतीवर काही होत नाही म्हटल्यावर ताट ढकलून द्यायची. आईने "टिल्ली" म्हणून दहादा हाक मारावी, पोरीने मानही वळवू नये. कोण ही बाई, जिने लेकराला असं भारून टाकलं होतं? आणि बाबांनी आपल्या नातीला तिच्या ताब्यात कसं दिलं?

तिने एकदा आडून विचारून पाहिलं. "बाबा, दुपारी कंटाळत असाल ना? कुणी येतं-जातं का?"

"इथे कोण मरायला येणार?" ते खेकसले आणि टेबलावरचा पेला उचलायला गेले. हात पेल्याच्या शेजारून गेला, पेला पडला आणि फुटला. "मधेमधे बोलत जाऊ नकोस," ते म्हणाले. तिने काचा गोळा केल्या. हात असा चुकतो तो कशाने, तिने मनात म्हटलं.

अखेर एके दिवशी तिने लॅबमध्ये डोकं दुखतंय असं सांगितलं आणि दुपारीच निघाली. जिना चढताना तिने चपला हातात घेतल्या. आपल्याच घरात चोरासारखं शिरायचं म्हणून तिची तिलाच लाज वाटली, पण पाय थांबले नाहीत. किल्ली हळूच फिरवली.

आवाज आला. खरोखरच बाईचा, हसरा, चढा. "सांगा पाहू, आज आपल्याकडे कोण आलंय?"

टिल्लीची आई तशीच आत शिरली. आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं. बाहेरून. कडी बाहेरून घातलेली होती.

तिने कडी काढून दार ढकललं.

खोलीत कुणीही नव्हतं. म्हणजे टिल्ली होती. ती जमिनीवर बसली होती, टीव्हीच्या इतकी जवळ की तिच्या तोंडावर त्याचे रंग हलत होते. पडद्यावर पिवळ्या कपड्यांतली एक तरुण बाई कानापाशी हात धरून उत्तराची वाट पाहत उभी होती. डोळे मोठे केलेले, ओठांवर हसू. वाट पाहून झाली आणि बाईने टाळी वाजवली.

"अग्गदी बरोबर! शाब्बास!"

टिल्लीनेही टाळी वाजवली. तिने काहीच उत्तर दिलं नव्हतं.

"टिल्ली!" आई म्हणाली. पोरगी वळली नाही. आई पुढे होऊन पडदा अडवून उभी राहिली, तर टिल्लीने मान तिरकी केली आणि तिच्या बाजूने पाहू लागली. मधे आलेला खांब चुकवून माणूस पलीकडचं बघतो तसं. आईचं तोंड तिच्या तोंडासमोर होतं आणि पोरीला ते अडचणीचं वाटत होतं, एवढंच.

आईने टीव्ही बंद केला. टिल्लीने आधी पडद्याला हात लावला, मग किंचाळत आईच्या मनगटाला कडकडून चावली.

"कोण आहे?" स्वयंपाकघरातून बाबांचा आवाज आला.

टिल्लीला काखेत धरून ती तिकडे धावली. तोंडात कितीतरी शब्द जमले होते. पण दारातच ती थांबली. बाबा जमिनीवर गुडघे टेकून बसले होते आणि तळहाताने फरशी चाचपत होते. इंचाइंचाने, एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे. त्यांच्या बोटांपासून वीतभर अंतरावर एक पांढरी गोळी पडली होती.

त्यांनी मान वर केली. खिडकीचं सगळं ऊन तिच्या अंगावर होतं.

"कोण आहे?" त्यांनी पुन्हा विचारलं.

तिने टिल्लीला खाली उतरवलं. मग म्हणाली, "बाबा, मी आहे."

म्हातारा तसाच फरशीवर बसून राहिला. "लवकर आलीस," तो म्हणाला.

"कधीपासून दिसत नाही तुम्हाला?"

"दिसतं. कडेकडेचं दिसतं. मधलं गेलंय. तुझ्याकडे सरळ पाहिलं की तुझा चेहराच नसतो, बाजूला पाहिलं की थोडा सापडतो."

तिला कानापाशी बघून बोलणारे बाबा आठवले. तिने शोधून काढलेला तो गुन्हा.

"आणि टीव्ही? तुम्ही? आणि बाहेरून कडी! काही झालं असतं तर? आग लागली असती तर?"

"ओरड," ते म्हणाले. "ओरडायलाच पाहिजेस. पण आधी ऐक. मागे एकदा ही बाहेरच्या खोलीत खेळत होती. खेळण्याचा आवाज येत होता, आणि एकदम थांबला. हाका मारल्या. पोर कुठे ओ देतं, उद्योगात असलं की? पलंगाखाली चाचपलं, दारामागे चाचपलं. शेवटी गॅलरीत आलो, हात पुढे केला, तर हाताला पाय लागला हिचा. पाय! माझ्या छातीच्या उंचीवर. स्टुलावर चढून कठड्यावर वाकली होती." त्यांनी हात पुढे करून दाखवला. "मी खुणेवर खोकी टेकवलेला माणूस. त्या दिवशी मला माझीच नात सापडत नव्हती. मग टीव्ही लावला. तो लावला की ही हलत नाही. जिथे आवाज, तिथे ती. कामाला उठलो की कडी घालत होतो. आधी थोडाच वेळ लावायचो. मग…"

"मग दुपारभर."

"बंद केला की पळते. आणि हाकेला अजिबात ओ देत नाही आताशा."

"ओ देत नाही म्हणून टीव्ही लावलात, आणि टीव्ही लावलात म्हणून ती ओ देईनाशी झाली!" ती म्हणाली. "मला का नाही सांगितलंत?"

"तुला?" म्हातारा कडवट हसला. "तू पोरीला माझ्याकडे ठेवली असतीस मग? एका दुपारीसुद्धा? घरभर पाळत ठेवली असतीस. मी पेला धरला तरी बघत बसली असतीस. जावईबापूंना सांगितलं होतं मी. शपथ घातली होती त्यांना, तुला कळू द्यायचं नाही म्हणून. ह्या कडीचं मात्र त्यांनाही ठाऊक नाही."

फोनवरच्या त्या गप्प राहण्याचा उलगडा झाला. तिने कुणावर म्हणून संशय घेतला नव्हता? आणि खरं तिच्यापासून लपवलं गेलं ते तिच्या या डोळ्यांमुळेच. तिने वाकून ती गोळी उचलली, बाबांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची बोटं मिटली. राग गेला नव्हता. कुणावर काढावा, ते मात्र कळेना.

पुढचे दिवस वाईट गेले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की एका डोळ्याचं गेलं ते गेलं, दुसरा इंजेक्शनांनी सांभाळता येईल, फार आधी यायला हवं होतं. टीव्हीवर चादर टाकली तर टिल्ली चादरीखाली शिरून पडद्याला गाल लावून बसायची. "मावशी कुठे गेली?" म्हणून ती हमसून हमसून रडायची. ते हट्टाचं रडणं नव्हतं. माणूस गेल्यावर रडतात तसं होतं. टिल्लीच्या आईला त्या पिवळ्या कपड्यांतल्या बाईचा असा मत्सर वाटला, जसा कधी कुणा जिवंत बाईचा वाटला नव्हता. तिचं लेकरू तिच्यासाठी एवढं कधी रडलं होतं?

नवरा घरी आला, तेव्हा दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. "सासऱ्याची शपथ मोडू की बायकोला फसवू, मी काय करायचं होतं?" तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने टीव्ही उचलून ट्रकमध्ये घातला आणि कुणाला दिला याची ताकास तूर लागू दिली नाही. पोरीला एकट्या म्हाताऱ्यापाशी ठेवायचं नाही, हे ठरलं. ठेवायचं कुठे, ते ठरेना.

मार्ग काढला तो बालवर्गाच्या बाईंनी. "टिल्लीला दिवसभर राहू दे इथे," त्या म्हणाल्या. "आणि आजोबांनाही पाठवा. कोपऱ्यात खुर्ची देते. मुलांचे चेहरे बघायला मी आहे. पण हाका मारायला माणूस हवाय."

आजोबा आधी तयार होईनात. मी काय पोरांत बसू, म्हणाले. मग बसले. बाईंनी खेळ सुरू केला. मुलांनी खोलीत कुठेही जाऊन उभं राहायचं, आजोबांनी एकेकाला हाक मारायची, आणि ज्याला हाक मारली त्याने ओ द्यायची, म्हणजे आजोबा काठीने तो कुठे आहे ते बरोबर दाखवतील. पोरांना त्याचं भारी वेड लागलं. टिल्ली मात्र नुसती उभी राहायची. आजोबा हाक मारायचे, थांबायचे, पुन्हा मारायचे. कुणी शाब्बास म्हणायचं नाही. तिने ओ दिली नाही, तर आजोबांची काठी हवेत तशीच अधांतरी राहायची, आणि सगळी मुलं टिल्लीकडे बघायची.

कितीतरी दिवसांनी तिने ओ दिली. बाईंनी लॅबमध्ये फोन करून सांगितलं, तेव्हा टिल्लीच्या आईने हातातलं कवळीचं मेण खाली ठेवलं आणि पहिला प्रश्न विचारला, "नक्की तिनेच दिली? शेजारच्या मुलाने नाही ना?"

हळूहळू पोरगी माणसांत आली. रंग आधी चुकीचे आले, मग बरोबर. तोंडाकडे बघून बोलू लागली. एका चेंडूपाशी अर्धा तास रमली. मधूनच ती चढ्या आवाजात काहीतरी म्हणे आणि आई हातातलं टाकून वळे. आता कुठे पाहिलं असेल हिने? इस्त्रीवालीकडे? कुणाच्या मोबाइलवर? ती आडून आडून विचारायची. बाबा म्हणायचे, "पोलिसात जायला हवं होतंस."

एका संध्याकाळी ती घरी आली तर बाहेरच्या खोलीची भिंत रंगीत रेघोट्यांनी भरली होती. एका लहान मुलाचा हात पोचेल तेवढ्याच उंचीवर. टिल्ली हात पाठीमागे लपवून भिंतीला टेकून उभी होती.

"हे कुणी केलं?" आईने विचारलं.

टिल्ली गप्प बसली. मग स्वतःच्या आवाजात, चाचरत म्हणाली, "आजोबांनी."

आणि तिने वर पाहिलं. थेट आईच्या तोंडाकडे. थाप पचली का नाही, ते तिच्या डोळ्यांत, ओठांत, भुवयांत शोधत, एक क्षणही नजर न हलवता.

टिल्लीच्या आईने महत्प्रयासाने कपाळावर आठ्या आणल्या. "बाबा, हे तुम्ही केलंत?"

"मीच," खुर्चीतून बाबा म्हणाले. "मला कुठे नीट दिसतं?"

"वाकून वाकून काढल्यात वाटतं. गुडघे दुखत नाहीत?"

"दुखतायत ना."

दोघं मिळून तिला फसवत होते, यात तिळमात्र संशय नव्हता. तिने पदर तोंडाला लावला आणि ओलं फडकं आणायच्या निमित्ताने आत गेली.